जलाशयात बोटीतून पडलेल्या वस्तू : काय पडतं, कधी पडतं, पडल्यावर काय करायचं

सह्यवाट

नमस्कार मंडळी,

थंडी सुरू झाली की वासोटा किल्ल्याचे बेत ठरायला लागतात, आणि पाठोपाठ "फोन कोयनेत गेला, आता काय करू?" असे निरोपही येतात. मी गट घेऊन बामणोलीमार्गे बोटीने वासोट्याला जाते. माझे काही मित्र तापोळा, पवना, भंडारदरा इथे माणसं नेतात. आम्हा सगळ्यांचं निरीक्षण एकच आहे, ते आधी मांडते. मग तुमचे अनुभव लिहा.

लोकांना वाटतं वस्तू भर पाण्यात पडतात, बोट वेगात असताना. टोप्या उडतात त्या तशा, हे खरं. बाकी बहुतेक सगळं पडतं ते काठावर, चढता-उतरताना. शिवसागर हा कोयना धरणाचा जलाशय. पावसाळा संपताना तो भरलेला असतो, धरणाची साठवण १०५ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास. पुढे पाणी सुटत जातं आणि जूनपर्यंत पातळी खूप खाली येते. म्हणजे काठ सतत सरकत असतो. ठरलेला धक्का दर महिन्याला कामाला येत नाही. बोटीचं नाक चिखलात टेकवायचं आणि त्यावरून माणसांनी चढायचं, अशीच पद्धत. चढताना माणूस पुढे वाकतो, दोन्ही हात कड धरण्यात अडकलेले, पाठीवरची सॅक मानेवर सरकलेली. शर्टाच्या वरच्या खिशात जे असेल ते त्या क्षणी खाली जातं. फोन, चष्मा, गाडीची किल्ली, औषधाची पट्टी, सगळं याच एका खिशातून.

दुसरी जागा म्हणजे लाइफ जॅकेट काढताना. जॅकेट घातलेलं असतं तोवर खिसा दाबलेला असतो, वस्तू जागची हलत नाही. उतरायच्या आधीच लोक उभे राहून जॅकेट काढतात, आणि पट्ट्यात चष्म्याची दांडी, कानातलं, गळ्यातली साखळी अडकते. श्रवणयंत्र लावणाऱ्यांनी तर फारच जपायला हवं. कानामागचं यंत्र पट्ट्याबरोबर कधी निघालं ते कळतही नाही. म्हणून आमच्या गटात जॅकेट जमिनीवर उतरल्यावरच काढायचं, बोटीत नाही. याने जीवही सुरक्षित राहतो आणि वस्तूही.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, खरं तर त्यासाठीच हा धागा काढला. वस्तू पडली की "अगं गेला, गेला!" असा ओरडा होतो आणि बोटीतली सगळी माणसं त्या बाजूला वाकतात. फोन गेल्याने कुणाचं आयुष्य उलटत नाही, पण दहा-बारा माणसं एका कडेला आली की बोट उलटू शकते. वस्तू पडली तर बसलेल्याने बसूनच राहायचं, हे चढण्याआधी सांगायला हवं. नंतर ऐकायला कुणी शुद्धीवर नसतं.

तुमच्याकडे काय पडलं, मिळालं का, कसं मिळालं, आणि कुठला उपाय खरोखर चालला, ते लिहा. फोटो नसले तरी चालतील.

---

मृण्मयी_ठाणे

ताई, अगदी गरजेचा धागा. आमच्या सासूबाईंचा चष्मा महाबळेश्वरला वेण्णा तलावात गेला. मासे दिसताहेत म्हणून त्या कडेवरून वाकल्या आणि चष्मा नाकावरून घसरला. पाणी फार नव्हतं, पण तळाला गाळ आणि शेवाळ. वल्हं मारणाऱ्या दादांनी काठीने चाचपून पाहिलं, काही लागलं नाही.

चष्म्याचं मोल पैशांत मोजता येत नाही हे तेव्हा समजलं. सासूबाईंना त्याशिवाय पायरी दिसत नाही. पुढचे दोन दिवस त्या खोलीबाहेर पडायला घाबरत होत्या, जेवताना ताटात काय वाढलंय ते विचारत होत्या. त्यांच्या डोळ्यांचा नंबर आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हता. शेवटी ठाण्याच्या चष्मेवाल्याला फोन केला, त्याच्या वहीत नोंद होती, ती त्याने पाठवली. पण प्रोग्रेसिव्ह काचा, म्हणजे जवळचा-लांबचा नंबर एकाच काचेत, लगेच मिळत नाहीत. घरी परतेपर्यंत नुसत्या लांबच्या नंबरावर भागवलं.

तेव्हापासून घरातल्या सगळ्यांच्या नंबरांच्या चिठ्ठ्यांचे फोटो माझ्या आणि नवऱ्याच्या, दोघांच्या फोनमध्ये आहेत. जुना चष्मा टाकून देत नाही, प्रवासाच्या बॅगेत ठेवतो. आणि बोटीत बसण्याआधी दोरी. सासूबाईंना ती दोरी "शाळेतल्या बाईंसारखी" वाटते म्हणून नको असायची, आता स्वतःच मागतात.

---

पाणकावळा

वाखू (वाचनखूण) साठवली. वेण्णा तलाव १८४२ चा आहे, साताऱ्याच्या राजांनी बांधलेला, आणि त्याचं पाणी महाबळेश्वर-पाचगणीला प्यायला जातं. तिथे चिप्सची पाकिटं आणि बाटल्याही रोज "पडतात". त्यांच्याबद्दल कुणी हळहळत नाही. वस्तूंच्या यादीत तीही धरा.

---

भीमाकाठचा

नमस्कार ताई. आम्ही उजनीकाठची माणसं, भिगवणच्या बाजूची. घरात मासेमारी, आणि थंडीत रोहित पक्षी आले की पाहुण्यांना बोटीतनं फिरवून आणणं.

आमच्याकडं सगळ्यात जास्त पडतं ते कॅमेऱ्याचं सामान. भिंगाचं झाकण, उन्हासाठी पुढं लावतात ते हूड, बॅटऱ्या. पक्षी उडाले की पाहुणं उठून उभं राहतं, अन् मांडीवर ठेवलेलं सगळं खाली. आम्ही आता सांगूनच टाकतो, लेन्स बदलायची ती काठावर. बोटीत बदलायची नाही. मांडीवर काही ठेवायचं नाही. बॅग पायात, पट्टा पोटरीला गुंडाळलेला. भारी कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात असलाच पाहिजे, पण लाइफ जॅकेटच्या वरून. आत अडकवला तर पाण्यात पडल्यावर काढता येत नाही, गळ्याला ओढ बसते.

आता सापडण्याचं सांगतो. जाळं कुठं टाकलं ते आम्ही ज्या रीतीनं लक्षात ठेवतो, त्याच रीतीनं पडलेली वस्तू पण शोधतो. काठावरची दोन ठिकाणं एका ओळीत धरायची. समजा पुढं बाभळ अन् तिच्या बरोबर मागं पाण्याची टाकी. ही एक रेघ झाली. मग दुसऱ्या अंगाला बघायचं, तिकडं पुढं खडक अन् मागं देवळाचा कळस. ही दुसरी. दोन्ही रेघा जिथं एकमेकीला छेदतात तिथं तुमची वस्तू. दोन रेघा जितक्या आडव्या-उभ्या असतील तितकी जागा नेमकी. दोन्ही एकाच दिशेला धरल्या तर उपयोग नाही. पडल्या पडल्या हे करायचं, कारण बोट वाऱ्यानं सरकत राहते अन् पाच मिनिटांनी माणूस भलतीच जागा दाखवतो. भांडणं तिथंच होतात.

दोरी असंल तर दगड बांधून सोडायची, वरच्या टोकाला रिकामी बाटली बूच घट्ट लावून. ती जागेवर राहते. काम झालं की बाटली काढून न्यायची, ही जबाबदारी ज्यानं टाकली त्याची.

आमच्या धरणाचं अजून एक आहे. साठा ११७ टीएमसीचा, पण उन्हाळ्यात पाणी झपाट्यानं उतरतं, धरण मायनसमध्ये जातं, म्हंजे वापरायच्या साठ्याच्या पण खाली. मग पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं, लोक बघायला येतात. त्या वक्ताला गाळात काय काय निघतं. गॉगल, मनगटी घड्याळं, चपला, लहान पोरांच्या बुटांचा एक एक पाय. चिलापी माशाच्या जाळ्यात पण येतं. जे उथळ कडेला पडलं ते मे महिन्यात मिळण्याची आशा धरा. मूळ नदीच्या पात्रात पडलं तर नाही.

---

सह्यवाट

@भीमाकाठचा दादा, दोन रेघांची रीत फार मोलाची आहे. आम्ही फोनवर ठिकाण साठवायचो, पण त्यात चार-पाच मीटर इकडेतिकडे होतं, आणि ज्याचा फोनच पडला त्याला ते करता येत नाही. आता गटाला हे शिकवणार. आणि पट्टा जॅकेटच्या वरून, हे तर सगळ्यांनी लक्षात ठेवावं.

---

तरंग

भौतिकशास्त्र शिकवतो, म्हणून थोडी भर घालतो. पाण्यात डोकावून वस्तू "इथेच तर आहे" असं वाटतं, ते फसवं असतं. प्रकाश पाण्यातून हवेत येताना वाकतो, त्यामुळे तळ वर आल्यासारखा दिसतो. सरळ वरून पाहिलं तर ३ फूट वाटणारं पाणी साधारण ४ फूट असतं. ९ फूट वाटलं तर १२. तिरकं पाहिलं तर फरक आणखी वाढतो. "कमरेएवढंच आहे" म्हणून उतरलेला माणूस छातीपर्यंत जातो तो यामुळे. पोहता न येणाऱ्याने तर दिसतंय म्हणून उतरूच नये.

दुसरं. फोन दगडासारखा सरळ खाली जात नाही. चपटी वस्तू पाण्यात झोके घेत, डावी-उजवीकडे घसरत उतरते. खोल पाण्यात ती पडल्या जागेपासून काही फूट बाजूला जाऊन बसते. किल्ल्यांचा जुडगा बऱ्यापैकी सरळ जातो. म्हणजे भीमाकाठच्या दादांच्या दोन रेघा किल्लीला जास्त उपयोगी. फोनसाठी त्या जागेभोवती वाढत्या गोलात शोधावं लागेल.

तिसरं, आयपी क्रमांकाबद्दल, म्हणजे फोन धूळ-पाण्यात किती टिकतो ते सांगणाऱ्या आकड्याबद्दल, लोकांचा गैरसमज आहे. आयपी ६७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं. आयपी ६८ मध्ये खोली आणि वेळ कंपनी स्वतः सांगते, प्रत्येक फोनची वेगळी. या चाचण्या स्वच्छ, स्थिर पाण्यात आणि नव्या फोनवर होतात. दोन वर्षं वापरलेला, एकदा पडून कोपरा दबलेला, बाहेर कुठेतरी काच बदलून घेतलेला फोन त्या आकड्याला बांधील नसतो.

मिळालाच तर लगेच सुरू करून बघू नका, चार्जरला तर मुळीच लावू नका. सुरू असेल तर बंद करा. कव्हर काढा, सिमचा ट्रे काढा, चार्जिंगचं तोंड खाली करून हलकेच झटका, सावलीत मोकळ्या हवेत ठेवा. तांदळात पुरण्याचा सल्ला जुना आहे. त्याने पाणी शोषलं जात नाही म्हणावं इतकं कमी शोषलं जातं, आणि तांदळाची पूड भोकांत जाऊन बसते. हेअर ड्रायरही नको.

---

गिरीश_कोथरूड

उत्तम माहिती. एक शंका. लोहचुंबक दोरीला बांधून सोडला तर? हल्ली फार ताकदीचे मिळतात.

---

तरंग

@गिरीश_कोथरूड, लोखंड-पोलाद असेल तर होईल. सोनं, चांदी, तांबं, पितळ, ॲल्युमिनियम यांना चुंबक ओढत नाही. स्टेनलेस स्टीलमध्येही बरेच प्रकार चिकटत नाहीत. घरचं लोहचुंबक किल्लीला लावून बघा, चिकटली तर ती किल्ली चुंबकाने वर येऊ शकते. जुडग्याला एक पोलादी कडी आधीच अडकवून ठेवली तर आशा वाढते. अंगठीसाठी चुंबक कामाचा नाही.

---

निवृत्त_नाना

आमच्या लहानपणी विहिरीत घागर पडली की गळ टाकून काढत. प्रत्येक आळीत एका घरी गळ असायचा आणि तो मागून आणायचा. कडेकडेने फिरवत, घागरीच्या कानाला आकडा लागेपर्यंत तासभर धीर धरावा लागे. विहिरीला भिंत असते, घागर जाऊन जाऊन जाणार कुठे. जलाशयाला ती सोय नाही. बुडालेली झाडं, जुनी जाळी आणि दगड यांत तुमचा गळ आणि चुंबक दोन्ही अडकतील. उथळ, मोकळ्या तळाच्या जागीच प्रयत्न करावा.

---

अस्मिता_कु

अंगठीचा विषय निघालाय म्हणून लिहिते. माझा सोन्याचांदीचा व्यवसाय आहे, कोल्हापूरला. लग्नानंतर फिरायला गेलेली जोडपी परत येऊन तशीच अंगठी करून मागतात, त्यात "पाण्यात हात घातला आणि गेली" हे कारण वारंवार ऐकते. थंड पाण्यात बोटं आक्रसतात. दुकानात दुपारी बरोबर बसलेली अंगठी सकाळच्या गार पाण्यात सैल होते. त्यातून लग्नाआधी माप घेतलेलं, धावपळीत वजन उतरलेलं. बोट चालू असताना पाण्यात हात सोडला की पाणी अंगठीला बोटाच्या टोकाकडे रेटतं. साबण नाही, तेल नाही, तरी सुटते.

मी प्रत्येक नव्या जोडप्याला सांगते, बोटिंगच्या दिवशी अंगठी खोलीतल्या बॅगेत, कुलूप लावून. बोटीत बसल्यावर काढून पर्समध्ये ठेवू नका, काढतानाच पडते. मंगळसूत्राचा फासा, म्हणजे मागचा हूक, निघण्याआधी एकदा दाबून बघा. जॅकेटचा पट्टा नेमका त्यावर येतो, ताईंनी लिहिलंय तसं.

---

रानवारा

सगळं ठीक आहे, पण इतकी चिंता का करायची? बोटवाले पाण्यातच वाढलेले असतात. हजार-दोन हजार दिले की उडी मारून काढून देतात. त्यांनाही चार पैसे मिळतात. मी तरी असंच करीन.

---

सह्यवाट

@रानवारा, नाही. इथे मी स्पष्ट असहमत आहे. बोट चालवणारा पाण्यात उतरला की बोटीत बसलेल्या बाकीच्यांना सांभाळणारं कुणी उरत नाही. वारा आला तर बोट सरकते आणि तो मागे राहतो. शिवाय पैसे पुढे केल्यावर "नको" म्हणणं त्याला जड जातं, कारण बारा महिन्यांतले चार-पाच महिनेच त्याचा धंदा. तो तयार झाला म्हणून तुम्ही विचारणं बरोबर ठरत नाही.

---

शिवसागर_पोर

माझे वडील बोट चालवतात, मी साताऱ्यात शिकतो. रानवारा दादा, रागाने लिहीत नाही, पण ऐका.

आमच्या इथे पाण्याखाली सपाट तळ नाही. हे डोंगराचं खोरं आहे, धरण झालं तेव्हा गावं, शेतं, झाडं पाण्याखाली गेली. काठापासून चार पावलांवर सरळ कडा असू शकतो. वरचं पाणी कोमट लागतं, पण खाली गेलं की एकदम गार, आणि अंधार. तळातला गाळ पाय लागला की उठतो आणि स्वतःचा हात दिसत नाही. त्यात मासेमारीची बारीक जाळी. नायलॉनचं जाळं पायाला लागलं तर चांगला पोहणाराही सुटत नाही. वडील उत्तम पोहतात आणि त्यांनी कधीच कुणाच्या फोनसाठी उडी मारलेली नाही. माणूस पडला तर मारतील, विचार न करता.

पाहुण्यांकडून आमची एकच अपेक्षा असते. वस्तू पडली तर हात वर करून सांगा, ओरडू नका, उठू नका. वडील इंजिन कमी करतात, लांबून वळसा घेतात आणि तरंगती वस्तू असेल तर वाऱ्याच्या दिशेला पुढे जाऊन थांबतात, ती आपणच जवळ येते. टोपी, पाण्याची बाटली, चप्पल अशा खूप परत मिळाल्या आहेत. इंजिन चालू असताना कुणी मागच्या बाजूने हात घालायचा नाही. पंखा पाण्यात दिसत नाही.

---

रानवारा

पोरा, पटलं. जाळ्याचं माहीत नव्हतं.

---

भीमाकाठचा

शाब्बास रे. २१ मे २०२४ ला आमच्या उजनीत कुगाव-कळाशीच्या मधी वादळी वाऱ्यात बोट उलटली, सहा माणसं गेली. त्यात लेकरं होती. त्यानंतर आमच्या घरात जॅकेट नसलं तर पाहुणं कितीबी मोठं असू द्या, बोट सुटत नाही. आभाळ काळवंडलं तर काठाला लागायचं, पाण्यात काही पडलेलं शोधत बसायचं नाही.

---

खात्यावर_लक्ष

बँकेत नोकरी करते, फोन गेल्यावर काय करायचं याचा क्रम देते. लोक गोंधळून उलटं करतात.

आधी शांतपणे ठरवा, फोन कुठे गेलाय. साठ फूट पाण्यात गेला असेल तर तो कुणी वापरणार नाही, धावपळ कमी. काठावर गुडघाभर पाण्यात पडला आणि शोधून मिळाला नाही, तर तो कुणाला तरी मिळू शकतो असं धरून चाला.

बरोबरच्या कुणाच्या फोनवरून मोबाइल कंपनीला सांगून सिम बंद करा. मग बँकेला सांगून यूपीआय आणि मोबाइल बँकिंग थांबवा. पोलिसांत हरवल्याची नोंद करा, आणि त्यात "जलाशयात पडला" असं ठिकाणासह खरं लिहा. चोरीला गेला असं लिहू नका. विमा मिळेल म्हणून काही जण तसा सल्ला देतात, ती खोटी तक्रार होते. त्यानंतर डुप्लिकेट सिम. नवं सिम सुरू झाल्यावर पहिले २४ तास एसएमएस येत-जात नाहीत, ही सुरक्षेसाठी ठेवलेली अट आहे. ओटीपी येत नाही म्हणून घाबरू नका.

शेवटी दूरसंचार विभागाचं संचार साथी पोर्टल, २०२३ पासून देशभर आहे. तिथे आयएमईआय क्रमांक (प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक), पोलिसांतल्या नोंदीची प्रत आणि ओटीपी लागतो. तिथून फोन बंद (ब्लॉक) केला की तो कुठल्याही सिमवर चालत नाही. आयएमईआय खोक्यावर आणि बिलावर असतो. आज हे वाचताय तर आत्ताच *#०६# दाबून क्रमांक कागदावर लिहून घरी ठेवा.

पाकीट गेलं असेल तर डेबिट कार्ड आधी बंद. आधार पुन्हा मागवता येतं, लायसन्स डिजिलॉकरमध्ये असेल तर गाडी चालवत घरी यायला अडचण नाही.

---

मृण्मयी_ठाणे

लायसन्स असेल हो, पण किल्ली गेली तर? आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाची गाडी याच कारणाने रात्रभर तलावाकाठी उभी होती. दुसरी किल्ली पुण्यात, घरात, आणि घराची किल्ली त्याच जुडग्यात.

---

सह्यवाट

हो, हे आमच्याकडेही घडतं. हल्लीच्या गाड्यांच्या किल्लीत चिप असते, गावातल्या किल्लीवाल्याकडून नुसती दात पाडून घेतलेली किल्ली दार उघडेल पण इंजिन सुरू होणार नाही. म्हणून आमच्याकडे नियम आहे. गाडीच्या दोन्ही किल्ल्या आणायच्या आणि त्या दोन वेगळ्या माणसांकडे द्यायच्या. एकच असेल तर ती बोटीत न्यायची नाही, बामणोलीत जिथे जेवण सांगितलेलं असतं तिथे ठेवायची. घराची किल्ली वेगळी.

तरंगणारा किल्लीगोंडा मिळतो, बुचाचा किंवा फोमचा. तो घेतलात तर बादलीत टाकून बघा. एका किल्लीला तो पुरतो, चार किल्ल्या आणि रिमोट यांच्या वजनाने तोही बुडतो.

---

बाळाची_आई

लहान मुलांच्या खेळण्यांचं कुणी लिहिलं नाही. चार वर्षांच्या मुलीची बाहुली पडली आणि ती क्षणात बाहुलीमागे कडेवर चढली, मी जॅकेटला धरून मागे ओढली. मुलांना खोली कळत नाही, बाहुली दिसत असते एवढंच कळतं. बोटीत खेळणं द्यायचंच असेल तर फीत बांधून जॅकेटला अडकवा. नाहीतर "बाहुली काठावर बसून आपल्याला टाटा करणार आहे" असं आधीच ठरवून टाका. आमच्याकडे हे चालतं.

---

दूरचा_पाहुणा

कॅलिफोर्नियातून. आमच्या इथे टाहो सरोवर आहे, ५०१ मीटर खोल आणि काचेसारखं स्वच्छ. तिथे एका स्वयंसेवी संस्थेच्या पाणबुड्यांनी काठाकाठाने ७२ मैल तळ साफ केला, २०२२ मध्ये तो पूर्ण झाला. सुमारे २५ हजार पौंड कचरा निघाला, तोही फक्त काठालगतच्या उथळ पट्ट्यातून. बऱ्याच वस्तू कुणी मुद्दाम फेकलेल्या नव्हत्या, बोटीतून पडलेल्या होत्या. ताईंचं काठाबद्दलचं निरीक्षण याच्याशी जुळतं.

इथे छोट्या बोटीत सगळं बांधलेलं असतं. तोंड गुंडाळून बंद होणारी जलरोधक पिशवी, आणि तिचा हूक बोटीच्या कडीत. पिशवीत थोडी हवा ठेवतात म्हणजे ती तरंगते. फोनची पारदर्शक पिशवी गळ्यात घालतात तिची आधी घरी परीक्षा करा. आत कोरडा कागद घालून अर्धा तास बादलीत बुडवा, कागद ओला झाला तर ती पिशवी नको. आणि इथलं पाणी उन्हाळ्यातही इतकं गार असतं की एकदम उडी मारली तर श्वास अडकतो, पोहणाऱ्याचाही. वस्तूसाठी कुणी उतरत नाही.

---

पाणकावळा

वासोट्याला उतरल्यावर वनखात्याची माणसं पिशव्या तपासून प्लास्टिकची नोंद करतात, कारण पुढे कोयना अभयारण्य लागतं. पाण्यावर तशी नोंद कुणी ठेवत नाही. ज्यांच्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक पडतात त्यांनी एवढं तरी करावं, बोटवाल्याला जागा सांगून ठेवावी. उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्या उचलता येतात.

---

शिवसागर_पोर

हो, सांगून ठेवा. वडिलांकडे एक वही आहे. कुणाचं काय, कुठे पडलं, फोन नंबर. मे महिन्यात गुरं चारायला जाणारी पोरं गाळात फिरतात, त्यांना वडील सांगून ठेवतात. मागच्या उन्हाळ्यात एक चांदीचं कडं असं परत गेलं.

---

गिरीश_कोथरूड

मग सापडलेल्या वस्तूंचे फोटो इथे या धाग्यावर टाकले तर? ज्याची असेल तो ओळखेल.

---

खात्यावर_लक्ष

@गिरीश_कोथरूड, फोटो नको. फोटो पाहून कुणीही "माझंच" म्हणेल. नुसतं "मनगटी घड्याळ सापडलं, तापोळ्याच्या बाजूला" एवढं लिहा आणि खूण त्याला सांगू द्या. पट्टा कसला, मागे काय कोरलंय, काचेला चरा कुठे. सोनं किंवा फोन असेल तर पोलीस पाटलांकडे किंवा ठाण्यात द्या आणि पोच घ्या. फोन सुरू करून बघू नका, त्यात सिमही घालू नका. मालकाने तो संचार साथीवर बंद केलेला असेल तर वापरण्याचा प्रयत्न कुठून झाला ते पोलिसांना कळतं, आणि चांगल्या मनाने उचललेल्याला चौकशीला जावं लागेल.

---

भीमाकाठचा

मग लिहितो. कुंभारगावच्या अंगाला, जाळ्यात, चष्मा आलाय. मोठ्या माणसाचा, दोन्ही काचा शाबूत. दांडीवर आतून काहीतरी लिहिलंय. काय लिहिलंय ते ज्याचा आहे त्यानं सांगावं, कुरियरनं पाठवून देऊ.